आधी काटकोन, मग मिलिमीटर

घराचा पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट मोजून खुणा करतो. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं, की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आला. मग तो सगळ्या आखणीचे दोन्ही कर्ण ताणून बघतो. कर्ण जुळल्याशिवाय खोदाईला हात घालायचा नाही, हा त्याचा नियम. प्लायवूड, अॅक्रिलिक किंवा पुठ्ठा कापणाऱ्या छोट्या लेझर कटरलाही हाच नियम लागू आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हे यंत्र नवं नाही. डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे २००२ मध्ये उभी राहिलेली फॅब लॅब, म्हणजे लेझर कटरसारखी यंत्रं असलेली कार्यशाळा, जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. आता टेबलावर मावणारे कटर घरगुती उद्योगाच्या आवाक्यात आले आहेत. परभणी, जिंतूर किंवा सेलूतल्या एखाद्या तरुणाने असं यंत्र सुट्या भागांत मागवलं, तर ते गुण्यात आणण्याचं काम त्यालाच करावं लागतं.

यंत्राची रचना सोपी आहे. दोन समांतर रुळांवर एक आडवा दांडा पुढे-मागे सरकतो, हा वाय अक्ष. त्या दांड्यावर लेझरचं डोकं डावी-उजवीकडे धावतं, हा एक्स अक्ष. दांड्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जरासं पुढे राहिलं, की काटकोन मोडतो. ३०० मिलिमीटरमध्ये फक्त एक मिलिमीटरचा तिरकेपणा डोळ्याला दिसतही नाही. पण समजा, पेरणी यंत्रातल्या बियाण्याच्या चकतीचा १५० मिलिमीटर व्यासाचा नमुना प्लायवर कापला. आडवा आणि उभा व्यास मोजला तर दोन्ही १५० भरतात, आणि आपण निर्धास्त होतो. कोपऱ्यांच्या दिशेने, तिरके व्यास मोजले तर मात्र त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघतो. गोल चकती लंबगोल झालेली असते.

हा दोष कर्णच उघडा पाडतात. एखाद्या पुठ्ठ्यावर लेझरने ४०० बाय ३०० मिलिमीटरचा आयत हलकेच कोरायचा. दोन्ही कर्ण ५०० आले पाहिजेत. वरच्या उदाहरणातल्या तिरकेपणाने एक कर्ण ५००.८ आणि दुसरा ४९९.२ येतो. म्हणजे एका मिलिमीटरची चूक कर्णांत १.६ मिलिमीटर होऊन समोर येते. शिवाय इथे दोन कर्णांची एकमेकांशी तुलना करायची असते, त्यामुळे टेप थोडी चुकीची असली तरी चालते. न ताणली जाणारी दोरीही पुरते.

दुरुस्तीपूर्वी वीज बंद करायची. आधी चौकटीचे कर्ण जुळवून तिचे स्क्रू आवळायचे. मग दांड्याच्या एका बाजूच्या पुलीचा स्क्रू सैल करून दोन्ही टोकं चौकटीला सारखी टेकवायची आणि स्क्रू पुन्हा घट्ट करायचा. पट्टे सैल असतील तर तेही ताणून घ्यायचे, नाहीतर छोटी वर्तुळं चेपल्यासारखी येतात. त्यानंतर नवा आयत कोरून पुन्हा मोजायचं. लेझर चालू असताना त्याच्या तरंगलांबीला योग्य असा चष्मा डोळ्यांवर हवाच. पीव्हीसी तर कधीच कापू नये; त्यातून विषारी, आम्लयुक्त धूर निघतो.

लांबीची पाळी यानंतर. यंत्रातली मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, त्या प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे ३,२००. वीस दात्यांची पुली आणि दोन मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा पट्टा असेल, तर एका फेऱ्यात डोकं ४० मिलिमीटर सरकतं. भागाकार केला की मिलिमीटरला ८० पावलं. यंत्राला २०० मिलिमीटर जायला सांगितलं आणि ते १९८.५ गेलं, तर ८० ला २०० ने गुणून १९८.५ ने भागायचं, उत्तर ८०.६. हा नवा आकडा सेटिंगमध्ये भरायचा. इथे मात्र चांगली स्टीलची पट्टी लागते, आणि माप कोरलेल्या दोन रेषांच्या मध्यापासून घ्यायचं. कापलेला तुकडा किरणाच्या जाडीइतका लहान भरतो. मुख्य म्हणजे या आकड्याने लांबी सुधारते, कोन नाही. म्हणून काटकोनाचं काम आधी.

परभणीच्या हवामानात आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. अॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर प्रसरण पावतं. थंडीतल्या सकाळचे १२ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे ४२, या फरकाने ३०० मिलिमीटरची पट्टी ०.६ मिलिमीटरने वाढते. भर दुपारी बेतशीर कापलेला भाग हिवाळ्यात ढिला बसला, तर दोष यंत्राचा नसतो. पावसाळ्यात प्लायवूडही ओल धरून फुगतं. म्हणून कर्ण आणि लांबी तपासताना तारखेशेजारी तापमान लिहून ठेवावं.

या साऱ्याला शाळेतला पायथागोरस आणि साधं त्रैराशिक पुरतं. ज्या शाळांच्या प्रयोगशाळेत असं यंत्र आहे, तिथे मुलांनी ते गुण्यात आणणं हाच भूमितीचा धडा व्हायला हवा. तो ज्याला आला, त्याला दुरुस्तीसाठी पुण्याहून माणूस यायची वाट पाहावी लागणार नाही.