पिकवला तर दहा वर्षे, विकत घेतला तर एक

मावळातल्या बेडसे गावच्या एखाद्या शेतकऱ्याने भातखाचराच्या बांधावर गांजाचे एकच झाड लावले आणि सुट्टीला पवना धरणाकडे निघालेल्या पर्यटकाच्या गाडीत पाव किलो गांजा सापडला, तर कायद्याच्या लेखी मोठा गुन्हेगार कोण? पर्यटक, असे कोणीही म्हणेल. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे, म्हणजे एनडीपीएसचे, कलम 20 मात्र उलटे सांगते. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ समजला जातो. त्याला फार तर एक वर्षाची सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लागवडीला अशी पायरीच नाही. बांधावरचे एक झाड असो की उसाच्या फडात दडवलेली एकरभर लागवड, शिक्षेची मर्यादा एकच: दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख दंड. जिथे विकत घेणे पिकवण्याहून कमी धोक्याचे, तिथे गिऱ्हाईक विक्रेत्याकडेच जाणार. घरच्या लागवडीचा कायदा हा अशा रीतीने बाजाराचाही कायदा असतो.

घरच्या लागवडीवरची बंदी मुळात बाजारासाठीच आली. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः नगर जिल्ह्यात पिके. 1893-94च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने संपूर्ण बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही, असा निष्कर्ष काढला. त्याऐवजी परवान्यानेच आणि ठरावीक भागातच लागवड, पुरेसा कर, मोजकी दुकाने आणि जवळ बाळगण्यावर मर्यादा, अशी चौकट सुचवली. परसातले झाड या चौकटीत बसत नव्हते, कारण त्यावर कर लागत नाही आणि देखरेखही राहत नाही. पण त्या बंदीच्या जोडीला सरकारमान्य दुकान होते. पुढे गांजाची दुकाने गेली, झाडावरची बंदी राहिली. मोकळी झालेली जागा तस्करांनी घेतली. आज आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांतून आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातून निघालेला माल शहरांत पोहोचेपर्यंत हात बदलत जातो आणि प्रत्येक हाताला भाव चढतो.

बाहेरच्या देशांत हेच गणित उघडपणे मांडले जाते. कॅनडाने 2018 साली घरामागे चार झाडांना मुभा दिली, पण क्वेबेक प्रांताने ती नाकारली. लोकांनी सरकारी दुकानातूनच घ्यावे, हा त्यामागचा हेतू. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली क्वेबेकची ती बंदी वैध ठरवली. उरुग्वेने 2013च्या कायद्याने नोंदणीकृत घरगुती लागवड, सभासदांचे क्लब आणि औषधदुकाने अशा तीन वाटा उघडल्या; घरी सहा झाडे, वर्षाला 480 ग्रॅमपर्यंत. जर्मनीत एप्रिल 2024 पासून प्रौढाला तीन झाडे लावता येतात, मात्र साधे विक्रीचे दुकान नाही. म्हणजे क्वेबेकची बंदी सरकारी दुकानाला गिऱ्हाईक देते आणि जर्मनीची मुभा दुकानाशिवाय गरज भागवू पाहते. आपली बंदी कोणाला गिऱ्हाईक देते, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: घरचे झाड घरातच राहील कशावरून? कॅनडात वैद्यकीय परवान्यावर घरी पिकवलेला माल काळ्या बाजारात गेला आहे. मात्र तिथे काही परवान्यांवर शेकडो झाडे लावता येत होती. त्यातून मिळणारा धडा असा, की झाडांची संख्या हाच खरा नियम असतो. तो सैल ठेवला तर घरगुती लागवड धंदा होते. दुसरा आक्षेप असा, की दहा वर्षे ही कमाल शिक्षा आहे, एका झाडासाठी न्यायाधीश तेवढी देणार नाहीत. हेही खरे. पण निकालाआधीची अटक, जामिनाची धावपळ आणि कोर्टाच्या तारखा यांतून लहान शेतकरी सुटत नाही. तिसरा आक्षेप आरोग्याचा. गांजा निरुपद्रवी नाही, विशेषतः कोवळ्या वयात. म्हणूनच घरच्या झाडाला मोकळे रान देण्याची मागणी इथे नाही.

मागणी मर्यादित आहे. बाळगण्यात अल्प, मध्यम आणि व्यापारी प्रमाण असा भेद संसदेने 2001च्या दुरुस्तीत केला. तोच भेद लागवडीतही करावा: दोन-चार झाडे वेगळी, व्यापारी शेती वेगळी. गुन्हा दोन्ही राहोत. शिक्षा मात्र बाजाराला लागणाऱ्या हातभाराच्या प्रमाणात असावी. असे केल्याने तस्करी संपणार नाही. पण एका झाडाच्या पंचनाम्यात जाणारा पोलिसांचा वेळ ट्रकभर मालामागे लागेल आणि पिकवण्यापेक्षा विकत घेणे सोयीचे, हा संदेश तरी कायदा देणार नाही.