फोटो काढायचा, फोटो द्यायचा

सकाळी १०.००
नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीच्या एका शाळेचा व्हरांडा. बारा मुलं, तीन जुने डिजिटल कॅमेरे. फोटोग्राफर ताईंनी ते सेकंडहँड घेतलेत, एकेक अडीच हजाराला. "पट्टा आधी गळ्यात, मग बोट बटणावर." हा पहिला धडा. दुसरा, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. अमेरिकन छायाचित्रकार वेंडी इवाल्ड यांनी गुजरातेतल्या विछिया गावी मुलांच्याच हाती कॅमेरे दिले होते. ताईंनी तीच वाट धरली आहे. आज रात्री काठी गावची होळी. चौघांत एक कॅमेरा, प्रत्येकाला वीस फोटो. वीसच, म्हणजे बटण दाबण्याआधी मुलं नीट बघतात.

दुपारी १.३०
भाकरी, उडदाची डाळ, कांदा. जेवता जेवता हिशेबाची वही उघडते. दोन दिवस शिकवण्याचे तीन हजार. एक मासिक चित्रकथेचे आठ हजार देणार, तेही छापून आल्यावर. पेट्रोल नऊशे. नंदुरबारच्या लॅबमधून आणलेल्या साठ प्रिंट, बारा रुपयांना एक, सातशेवीस. लेन्सची रिंग घट्ट झालीय, ती दुरुस्ती पुढच्या महिन्यावर.

दुपारी ४.००
मोटरसायकलवरून काठी. रस्त्याकडेला मोहाची झाडं. जीपच्या टपावर माणसं, बाकीची पायी. ताई पिशवीतून गेल्या वर्षीच्या प्रिंट काढतात. नाव लिहून घ्यायचं राहिलं असेल तर फोटो गर्दीत फिरतो. दहा हातांतून जातो नि माणूस सापडतो. एकजण मधल्या काळात वारला. त्याच्या बायकोने प्रिंट बघितली, पदरात गुंडाळली, नातवाला घेऊन पुढे गेली. प्रिंट वाटण्यात अडीच तास जातात. तेवढ्या वेळात एकही फोटो निघत नाही.

रात्री ८.००
नाचणारे तयार होताहेत. डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, अंगावर पांढरे ठिपके. हा वेश घेणं हे व्रत आहे. ते पाळणारे या दिवसांत खाटेवर बसत नाहीत. ताईही जमिनीवरच बसतात. पस्तीस मिलिमीटरची लेन्स लावलेली, म्हणजे जवळ जावंच लागतं. फ्लॅश बॅगेतसुद्धा नाही. एक म्हातारा हाताने नको म्हणतो. ताई कॅमेरा मांडीवर ठेवतात.

रात्री १२.३०
ढोल सुरू झालेत, गावागावाचे जथे गोल धरून नाचताहेत. उजेड म्हणाल तर बल्बची माळ आणि टेंभे. शटर एक-साठांशावर ठेवलंय. चेहरा थांबतो, पिसं हलतात. ताईंना तसंच हवंय. धूळ लेन्सवर बसते. दर दहा मिनिटांनी ब्लोअर, मग मऊ फडकं. एक बॅटरी संपली, दुसरी खिशात. चहा दहा रुपये. गुडघे दुखायला लागलेत; ताई पाच मिनिटं दगडावर टेकतात, पुन्हा उठतात.

पहाटे ५.३०
उंच बांबूभोवती रचलेली होळी पेटते. सगळे मोबाइल ज्वाळांकडे वळतात. ताई होळीकडे पाठ करून उभ्या राहतात. जाळाचा उजेड समोरच्या माणसांवर पडलाय, पोरं खांद्यावर घेतलेल्या बायांवर, रात्रभर नाचून थकलेल्या पायांवर. पंधरा-वीस मिनिटं काम. मग उजाडतं आणि तो उजेड संपतो.

सकाळी ८.३०
झाडाखाली लॅपटॉप. कार्ड दोन हार्डडिस्कवर उतरवली जातात, त्याआधी झोप नाही. मुलं आपापले फोटो निवडतात. विसांतला एक, आणि तोच का ते सांगायचं. सातवीतल्या एका पोराने घराच्या आत काढलाय: काका कमरेला भोपळे बांधतोय, काकू मागून गाठ ओढतेय. ताईंना त्या घराच्या आत कुणी नेलं नसतं.
"काकाला विचारलंस?"
"हो. काकूलापण."
"मासिकात पाठवू?"
पोरगा पळत घरी जातो, विचारून येतो. चालेल म्हणतात, पण एक फोटो घरी हवा. ताई वहीत लिहून घेतात: फोटोखाली पोराचंच नाव, मानधनातले हजार रुपये त्याचे, प्रिंट दोन, एक काकाला, एक त्याला. खर्च चोवीस रुपये.