मोकळा कुत्रा आणि तापट मालक

कुत्रा इमानी प्राणी आहे. तो मळ्याची राखण करतो. खळ्यावर रात्रभर जागतो. धनगराबरोबर मेंढरांमागे कोसच्या कोस चालतो. कुत्र्यावाचून गाव नाही. म्हणून हा पाठ कुत्र्याविरुद्ध नाही. राखणीचा कुत्रा राखण सोडून वाटेवर आला आणि त्याचा मालक कुत्र्याला आवरण्याऐवजी आपल्याच अंगावर आला, तर काय करावे? एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट ऐका.

आम्ही एका गावी मुख्याध्यापक होतो. शाळेची वाट एका मळ्याच्या कडेने जात असे. मळेवाल्याने एक दांडगा कुत्रा पाळला होता. तो दिवसासुद्धा मोकळा असे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावून जाई. कोणी बोलले तर मालक म्हणे, “माझा कुत्रा काही करत नाही. तुम्हीच भित्रे!” कोणी जास्त बोलले तर मालक काठी घेऊन पुढे येई.

आम्हांला हे तीन महिन्यांपासून ठाऊक होते. पण त्या गृहस्थांनी शाळेच्या छपराला पत्रे दिले होते. म्हणून आम्ही गप्प बसलो. आम्ही स्वतः ओढ्याकडून वळसा घालून शाळेत जाऊ लागलो. मुले मात्र त्याच वाटेने येत राहिली.

एके दिवशी शाळा सुटल्यावर चौथीतल्या एका मुलाच्या पोटरीला तो कुत्रा चावला. मुलाची आई तडक मळ्यावर गेली. तिथे भांडण जुंपले. “तुझ्या पोरानंच दगड मारला असेल,” मालक म्हणाला. दिवेलागणीपर्यंत शिवीगाळ चालली. इकडे घरी कोणीतरी जखमेत तिखट भरले. पण जखम कोणी धुतली नाही. दवाखान्यात कोणी नेले नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगं लंगडत शाळेत आलं. आम्ही विचारले तर सांगेना. त्याचा बाप त्याच मळ्यात मजुरी करीत होता. “मालकाचं नाव घेऊ नको,” असे त्याला घरून बजावले होते.

आम्ही शाळेच्या हौदावर त्याची जखम साबणाने धुतली. एस.टी.ने त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. सुया सुरू झाल्या. मुलगा वाचला. पण भांडणात वाया गेलेली ती एक रात्र आणि आम्ही गप्प राहण्यात घालवलेले ते तीन महिने आम्हांला अजून बोचतात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आमच्या चुकीतून तुम्ही शहाणे व्हावे, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

कुत्रा अंगावर आला तर

भुंकणारा कुत्रा चावत नाही, अशी म्हण आहे. पण ती म्हण कुत्र्याला ठाऊक नसते. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, असेही समजू नका. अंग ताठ, मानेवरचे केस उभे, ओठ मागे ओढलेले आणि गुरगुर चालू, असा कुत्रा चावायच्या तयारीत असतो.

अशा वेळी पळू नका. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! पळणाऱ्यामागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. आणि कुत्रा माणसापेक्षा जोरात धावतो. जागच्या जागी उभे राहा. ओरडू नका. हात हलवू नका. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, पण त्याच्यावरून नजरही काढू नका. अंग थोडे तिरके करा. छत्री, पाटी, पिशवी, जे हाती असेल ते त्याच्या आणि आपल्या मध्ये धरा. सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल मध्ये घ्या. मग एक एक पाऊल मागे सरका. पाठ फिरवू नका.

दगडासाठी वाकू नका. काही कुत्री तेवढ्याने पळतात, हे खरे. पण चिडलेला कुत्रा पळत नाही. आणि वाकलेल्या माणसाचे तोंड त्याच्या दातांजवळ येते.

मुलांना घरी दोन गोष्टी शिकवा. कुत्रा धावून आला तर झाडासारखे उभे राहायचे. पडलो तर पाय पोटाशी घेऊन मुटकुळे करायचे आणि दोन्ही हातांनी मान व कान झाकायचे. हे खेळता खेळता चार वेळा करून घ्या. वेळेला आठवते.

मालक अंगावर आला तर

आता मालकाकडे वळू. पुष्कळदा कुत्र्यापेक्षा मालक आवरायला कठीण!

मालक जवळ असेल तर त्याला एकच गोष्ट सांगा. “दादा, आधी कुत्रा धरा. बाकी मग बोलू.” तो काहीही म्हणाला तरी तेच वाक्य पुन्हा म्हणा. आवाज चढवू नका. कुत्रा बांधला जाईपर्यंत चूक कोणाची, हा विषय काढूच नका.

मालकावर हात उगारू नका. त्याच्या अंगाशी जाऊ नका. यात भित्रेपणा नाही. आपल्या धन्यावर कोणी हात उचललेला कुत्र्याला दिसला की तो झडप घालतो. शिवाय मारामारी झाली की मूळ गोष्ट बाजूला पडते. मग चौकीत दोघांचीही नावे लिहिली जातात.

तो ऐकत नसेल तर तेथून निघून या. पण येताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दिवस आणि वेळ कोणती, जागा कोणती, आणि कोणी कोणी पाहिले. कोणाजवळ मोबाइल असेल तर लांबून फोटो घ्यावा. फोटोसाठी पुढे जाऊ नये. घरी आल्यावर हे सगळे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. दोन दिवसांनी आठवण पुसट होते. लिहिलेले पुसट होत नाही.

हल्ला चालूच असेल आणि जिवाला धोका असेल, तर फोनवरून ११२ हा क्रमांक लावा. पोलिसांची मदत मिळते.

दात लागला तर

आधी जखम, मग भांडण. हे वाक्य पाठ करा.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीज हा रोग होतो. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. पण त्याआधी उपचार झाला तर रोग टळतो. १८८५ साली फ्रान्स देशात लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा या रोगाची लस टोचली. तो मुलगा वाचला. तेव्हापासून लस पुष्कळ सुधारली आहे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. नळ नसेल तर तांब्याने धार सोडत राहा. तिखट, हळद, चुना, तेल, काही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. मग लगेच सरकारी दवाखान्यात जा. तेथे लस फुकट मिळते.

पूर्वी पोटात चौदा सुया घेत असत. त्या भीतीने अजून काही लोक दवाखाना टाळतात. आता तसे नाही. सुया दंडात देतात. पहिली सुई लगेच, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सुई देण्याची रीत वेगळी असेल तर चौदाव्या दिवशीही बोलावतात. डॉक्टर सांगतील तितक्या सगळ्या घ्याव्यात. मध्येच सोडू नयेत. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचतात. तेही घ्यावे. नुसता ओरखडा असला तरी डॉक्टरांना दाखवावा.

मालक म्हणेल, “माझ्या कुत्र्याला लस दिली आहे.” त्याच्या शब्दावर घरी बसू नका. दाखला असेल तर तो डॉक्टरांना दाखवा. ठरवायचे ते डॉक्टरांनी.

रागाच्या भरात कुत्रा मारू नका. त्याला विष घालू नका. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा लागतो. तो धडधाकट राहिला की आजारी पडला, यावरून डॉक्टरांना पुढचे ठरवता येते. मेलेला कुत्रा काही सांगत नाही. दहा दिवस वाट पाहायची म्हणून सुया मात्र थांबवू नयेत. शिवाय कुत्र्याला विष घालून किंवा सूड म्हणून ठार मारणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग कुत्रा मोकळा आणि आपण आत, अशी गत व्हायची!

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिचे २९१ वे कलम ध्यानात ठेवा. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा भारी दुखापत होण्याचा संभव असेल, तर मालकाने पुरेशी काळजी घेतली पाहिजे. जाणूनबुजून किंवा हयगयीने ती न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्रा चावलाच पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही. तसा धोका असणे पुरे आहे.

मुद्दाम “छू” म्हणून कुत्रा अंगावर घालणे हा तर वेगळाच गुन्हा आहे. इजा करावी, भीती घालावी किंवा त्रास द्यावा म्हणून कोणी कुत्रा अंगावर सोडला, तर त्याने स्वतः हात उगारल्यासारखेच कायदा मानतो. १८६० सालच्या जुन्या दंड संहितेत हेच कुत्र्याचे उदाहरण दिले होते. नव्या संहितेतही ते आहे. म्हणजे ही कटकट आजची नाही!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण तक्रार लिहून देणे म्हणजे कोर्टात जाणे नव्हे. आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा. गावात तंटामुक्ती समिती असेल तर तिलाही सांगावे. पुष्कळदा चार माणसांसमोर गोष्ट मिटते. न मिटली, किंवा कुत्रा चावला, तर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. नोंदवलेल्या फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्यात कोणी नोंदवून घेत नसेल, तर तीच हकिगत लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते.

अर्ज कसा लिहावा

अर्ज असा लिहावा :

मा. सरपंच,
ग्रामपंचायत ........ यांस,

विषय : वाटेवर मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याबद्दल.

महोदय,
दिनांक ........ रोजी सकाळी ७ वाजता शाळेच्या वाटेवर श्री. ........ यांचा कुत्रा मोकळा होता. तो माझ्या अंगावर धावून आला. मी मालकांना कुत्रा धरण्यास सांगितले. त्यांनी धरला नाही व मला दमदाटी केली. हे ........ व ........ यांनी पाहिले. या वाटेने रोज मुले शाळेत जातात. तरी कुत्रा बांधून ठेवण्याबद्दल मालकांना लेखी समज द्यावी, ही विनंती.

सही, नाव व तारीख

अर्जात जे घडले तेवढेच लिहा. कुत्रा दोनदा धावून आला असेल तर दोनदाच लिहा. शिव्या लिहू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. तिला पोच म्हणतात. पोच जपून ठेवा. एकट्याच्या सहीपेक्षा दहाजणांच्या सह्या बऱ्या. मग मालकाचा राग एकट्यावर येत नाही.

आणि कुत्रा आपलाच असेल तर?

तर दिवसा त्याला साखळी घाला. साखळी लांब असावी. त्याला सावली आणि पाणी मिळावे. दर वर्षी गुरांच्या दवाखान्यातून रेबीजची लस टोचून घ्या व दाखला जपून ठेवा. वाटेवरचा माणूस “कुत्रा धरा” म्हणाला, तर आधी धरा. त्याची भीती खरी की खोटी, हे मागाहून पाहू. आपल्याला ओळखीचा असलेला कुत्रा त्याला अनोळखी असतो.

आता त्या गोष्टीचा शेवट सांगतो. मुलाला दवाखान्यात नेऊन आणल्यावर आम्ही असाच अर्ज लिहिला. पहिली सही आम्ही केली. ती तीन महिने आधी करायला हवी होती. मग चौदाजणांनी सह्या केल्या. मुलाचा बाप बराच वेळ दाराशी उभा होता. शेवटी तो आत आला. “मला वाचून दाखवा,” म्हणाला. आम्ही वाचून दाखवले. मग त्याने अंगठा उठवला.

मळेवाले महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. पण आठ दिवसांत कुत्र्याच्या गळ्यात साखळी आली. त्या माणसाची मजुरी गेली नाही. शाळेचे पत्रेही कोणी काढून नेले नाहीत. आम्ही ज्याला भीत होतो, त्यातले काहीच घडले नाही.

त्या बापाला अर्ज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. तुम्ही हा पाठ स्वतः वाचला आहे. तुमच्या वाटेवर कुत्रा मोकळा असेल, तर दगड उचलू नका. वळसा घालून जाऊ नका. कागद घ्या आणि लिहा.