ऑस्ट्रेलियाचे सैनिक आणि आयर्लंडची जनता

१९१६ सालच्या एप्रिल महिन्याची २५ तारीख होती. गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या व न्यूझीलंडच्या पलटणी उतरल्या, त्या घटनेस त्या दिवशीं बरोबर एक वर्ष पूर्ण झालें. लंडनच्या रस्त्यांवरून हे ‘ॲन्झॅक’ सैनिक संचलन करीत गेले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें राजाराणींच्या उपस्थितींत त्यांच्या मृत सोबत्यांसाठीं प्रार्थना झाली. त्याच दिवशीं त्याच सैन्यांतील कांहीं जवान, जे रजेवर म्हणून आयर्लंडांत आले होते, ते डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजच्या छपरावर बंदुका रोखून पडले होते. आदल्या दिवशीं, ईस्टरच्या सोमवारीं, आयरिश स्वातंत्र्यवाद्यांनीं शहरांतील मोठें पोस्ट ऑफिस ताब्यांत घेऊन प्रजासत्ताकाची घोषणा केली होती. कॉलेजच्या रक्षणास माणसें अपुरीं होतीं, म्हणून रजेवरील सैनिकांची मदत घेण्यांत आली. पहांटेच्या अंधारांत सायकलवरून निरोप घेऊन जाणारा एक आयरिश तरुण या नेमबाजांच्या गोळीस बळी पडला.

हा प्रसंग मनास चटका लावतो, याचें कारण हीं दोन राष्ट्रें एकमेकांस परकीं नव्हतीं. गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत, विशेषतः १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळांत, असंख्य आयरिश कुटुंबें मायभूमि सोडून गेलीं व त्यांतील पुष्कळ ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालीं. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं तेथील लोकसंख्येंत कॅथलिक लोक सुमारें एक पंचमांश होते आणि त्यांतील बहुतेक आयरिश वंशाचे होते. ऑस्ट्रेलियाचें सैन्य शेवटपर्यंत स्वयंसेवकांचेंच राहिलें. त्यांत आयर्लंडांत जन्मलेले हजारों तरुण होते. ज्यांचे आजे-पणजे तेथून आले होते, त्यांची तर गणतीच नाहीं.

रणांगणावर हें नातें सहज जुळून येई. २५ एप्रिल १९१५ रोजीं ऑस्ट्रेलियन पलटणी उतरत असतांना कांहीं मैल दक्षिणेस ‘रिव्हर क्लाइड’ या जहाजांतून डब्लिन व मन्स्टर येथील फ्यूझिलिअर पलटणी बाहेर पडत होत्या आणि तुर्की मशीनगनच्या माऱ्याखालीं पाण्यांतच कोसळत होत्या. त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें साठ क्रमांकाच्या टेकडीवरील लढाईंत आयर्लंडचे कॉनॉट रेंजर्स ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या सैनिकांबरोबर लढले. तेथें हिंदी ब्रिगेडमधील गुरखेही त्यांचे सोबती होते.

मार्टिन ओमेरा याचें चरित्र या नात्याचा मूर्तिमंत दाखला आहे. टिपेरेरी परगण्यांतील लोऱ्हा येथें जन्मलेला हा तरुण पश्चिम ऑस्ट्रेलियांत जाऊन रेल्वेच्या रुळांखालील लांकडें तोडण्याचें काम करी. ऑगस्ट १९१६ मध्यें फ्रान्समधील पोझिएरजवळ चार दिवस चाललेल्या भयंकर माऱ्यांत तो पुनःपुन्हां उघड्या रणांत गेला व जखमी सैनिकांस उचलून घेऊन आला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु ज्या महिन्यांत युद्ध संपलें, त्याच महिन्यांत तो ऑस्ट्रेलियास परतला आणि लवकरच त्याचें मन ढळलें. आयुष्याचीं उरलेलीं वर्षें त्यानें मनोरुग्णालयांत काढलीं. १९३५ सालीं तो वारला.

ईस्टरच्या उठावानें या बंधनास पीळ पडला. मे १९१६ मध्यें उठावाचे पुढारी एकामागून एक गोळ्या घालून मारले गेले आणि जे आयरिश लोक आरंभीं उठावास नांवें ठेवीत होते, त्यांचींही मनें पालटलीं. त्याची लाट ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोंचली. सरकारनें सक्तीच्या लष्करभरतीविषयीं लोकमत घेतलें, तेव्हां कॉर्क परगण्यांत जन्मलेले धर्माधिकारी डॅनियल मॅनिक्स यांनीं मेलबर्नहून उघड विरोध केला. २८ ऑक्टोबर १९१६ रोजीं सक्तीच्या बाजूनें १०,८७,५५७ व विरुद्ध ११,६०,०३३ मतें पडलीं. १९१७ च्या डिसेंबरांत पुन्हां तोच निकाल लागला. हें केवळ आयरिश मतांचें फळ नव्हे; कामगार संघटनांचा विरोधही तितकाच प्रबळ होता. पहिल्या वेळीं खुद्द सैनिकांपैकींही ५८,८९४ जणांनीं सक्तीस नकार दिला होता. पुढें १९१८ सालीं आयर्लंडवर सक्ती लादण्याचा बेत झाला, तेव्हां तेथील जनतेनेंही तो संप व प्रतिज्ञा यांच्या बळावर हाणून पाडला.

आयर्लंडविषयींची आस्था म्हणजे सैन्याशीं द्रोह, असा आरोप ऑस्ट्रेलियांत सर्रास होई. त्यास मार्च १९२० मध्यें मेलबर्न शहरानें एक अपूर्व उत्तर पाहिलें. सेंट पॅट्रिकच्या उत्सवाच्या मिरवणुकींत मॅनिक्स यांच्याबरोबर पांढऱ्या घोड्यांवर आरूढ झालेले १४ वीर चालले होते. त्यांतील प्रत्येकाच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस होता. मागें हजारों माजी सैनिक होते. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मॅनिक्स मायदेशास निघाले असतां ब्रिटिश सरकारनें त्यांना समुद्रावरच अडविलें व इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरविलें.

एकाच वंशाचीं माणसें साम्राज्यासाठीं लढलीं आणि साम्राज्याविरुद्धही लढलीं. कधीं कधीं हे दोन्ही भाव एकाच हृदयांत नांदले. म्हणून त्यांना केवळ राजनिष्ठ वा केवळ बंडखोर ठरविणें अन्यायाचें होईल. स्वतंत्र आयर्लंडांत ब्रिटिश साम्राज्यासाठीं लढलेल्यांविषयीं बराच काळ मौन पाळलें गेलें. तें हळूहळू सुटलें. २०१९ सालीं ओमेराचा व्हिक्टोरिया क्रॉस ऑस्ट्रेलियाहून कांहीं काळासाठीं डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आणण्यांत आला. ज्या शहरांत १९१६ सालीं ॲन्झॅक सैनिकांनीं आयरिश तरुणावर नेम धरला, त्याच शहरांत टिपेरेरीच्या या ॲन्झॅकची निशाणी लोकांनीं आपुलकीनें पाहिली.