जुन्या ट्रॅक्टरची पारख

नव्या ट्रॅक्टरची किंमत झेपत नाहीं आणि एका बैलजोडीवर सर्व शेती उरकत नाहीं, अशा अवस्थेंत सांपडलेल्या मध्यम शेतकऱ्याची दृष्टि साहजिकच जुन्या ट्रॅक्टरकडे वळते. यांत गैर असें कांहींच नाहीं. नीट पारखून घेतलेला जुना ट्रॅक्टर वर्षानुवर्षें निमूटपणें काम देतो. परंतु रंग आणि टायर पाहून घेतलेला ट्रॅक्टर ऐन वापशांत बांधावर उभा राहिला, म्हणजे मेस्त्रीच्या बिलापेक्षां चुकलेल्या पेरणीचें नुकसान मोठें होतें, आणि तें कोणत्याही वहींत मांडलें जात नाहीं.

ट्रॅक्टर किती वर्षांचा, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतें. त्यानें आजवर कोणतें काम केलें, हा प्रश्न फारच थोडे विचारतात. आमच्या मतें दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. यंत्र नुसत्या वयानें झिजत नाहीं, कामानें झिजतें. आणि ज्या जातीचें काम, त्या जातीची झीज. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूस कारखान्याच्या हंगामांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून रस्त्यावर धावलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक व मागील एक्सल आधीं पाहावे. कोंकणांत किंवा भंडारा-गोंदियाकडे भातखाचरांत चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या हबांत व पुढील एक्सलांत चिखलाचें पाणी शिरून बेअरिंगें गंजलेलीं असण्याचा संभव असतो. पुढें लोडर लावून माती भरलेल्या ट्रॅक्टरचा पुढील एक्सल बेताबातानेंच पाहून चालत नाहीं. सर्वांत फसवा म्हणजे विहिरींच्या कामावर कॉम्प्रेसर बसवून वापरलेला ट्रॅक्टर. तो एका जागीं उभा राहून तासन् तास चालतो. त्यामुळें टायर कोरे, गिअर घट्ट, ब्रेक जवळजवळ नवे, आणि इंजिन मात्र पार थकलेलें! विकणारा हें आपण होऊन सांगणार नाहीं. परंतु कॉम्प्रेसर किंवा लोडर काढून टाकला, तरी त्याच्या चौकटीचीं भोकें आणि वेल्डिंगच्या खुणा मागें राहतात. त्यांवर नवा रंग दिलेला दिसला, तर संशय अधिकच धरावा.

तासांच्या मीटरवर सर्वस्वीं विसंबूं नये. तें बंद पडतें, बदलतां येतें, तोडूनही ठेवतां येतें. क्लचच्या पायपट्टीवरील नक्षी घासून गुळगुळीत झाली आहे, ड्रॉबारचें भोक लंबगोल झालें आहे, आणि मीटर मात्र हजारभरच तास दाखवीत आहे, असें आढळल्यास पायपट्टीचें म्हणणें खरें मानावें.

पाहण्यास शक्यतों सकाळीं लवकर जावें आणि प्रथम इंजिनावर हात ठेवावा. तें आधींच गरम असेल, तर थंड इंजिन कसें सुरू होतें हें तुम्हांस दिसूं नये अशी कोणाची तरी इच्छा आहे असें समजावें, व दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. सुरू करण्यापूर्वीं तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधट दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. रेडिएटरचें झांकण इंजिन थंड असतांनाच उघडावें. पाण्यावर तेलाचा तवंग असल्यास तोच विकार उलट बाजूनें दिसत आहे. पहिला सफेद धूर क्षणभर आला तर त्याची चिंता नको. सतत येणारा निळसर धूर मात्र तेल जळत असल्याची खूण आहे, आणि रिंग-पिस्टनचा खर्च लहान नसतो. काळा धूर बहुधा एअर क्लीनर तुंबल्यानें अगर इंजेक्टर बिघडल्यानें येतो व त्याचा इलाज तुलनेनें स्वस्त आहे. इंजिन मंद चालू असतां तेल भरण्याचें झांकण जपून सैल करावें. तेथून धुराचे फवारे जोरानें येऊं लागले तर सौदा तेथेंच थांबवावा, हें उत्तम.

यानंतर ट्रॅक्टर शेतांत न्यावा. रस्त्यावरची फेरी म्हणजे परीक्षा नव्हे. अर्धा एकर नांगरट करून जें कळतें तें दहा मैल फिरून कळत नाहीं. भारावर गिअर आपोआप सुटतो काय, क्लच सरकतो काय, हें तेथेंच दिसतें. पलटी नांगर पूर्ण उचलून इंजिन बंद करावें. नांगर हळूहळू थोडा खालीं आला तर तें क्षम्य आहे. पाहतां पाहतां जमिनीला टेकला, तर लिफ्टचें काम निघालें म्हणावें. बरोबर स्वतःचा मेस्त्री असावा, व त्यास विकणाऱ्याकडून कांहीं मिळत नाहीं याची खात्री आपण करून घ्यावी.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, यावर गांवोगांव वाद रंगतात. महिंद्र १९६३ पासून आणि स्वराज १९७४ पासून बाजारांत आहे. नांवें सर्वच जुनीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात व ज्यावर चार मेस्त्र्यांचा हात बसला आहे, तोच घ्यावा. मध्य प्रदेशांत बुधनी येथें केंद्र सरकारची ट्रॅक्टर-परीक्षा संस्था आहे; तिच्या अहवालांत डिझेलचा खर्च, उचलण्याची शक्ति इत्यादि आंकडे असतात, ते विक्रेत्याच्या बोलण्याशीं ताडून पाहावे. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस धुराचे नवे नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यानंतरच्या अशा इंजिनांत विजेच्या नियंत्रणाचा भाग बराच असतो, व तो गांवच्या मेस्त्रीच्या आवांक्यांत असेलच असें नाहीं.

जवळची सर्व रक्कम सौद्यांत घालूं नये. चार लाख जमविले असतील, तर सव्वातीन लाखांपुढें बोलणेंच करूं नये. उरलेले तेल, फिल्टर, बॅटरी, क्लच व अकल्पित खर्च यांस लागतात. ज्यांची जमीन पांच-सहा एकरांच्या आंत आहे, त्यांनीं भाड्याच्या ट्रॅक्टरचा वर्षाचा हिशेब आधीं मांडून पाहावा.

पैसे देण्यापूर्वीं नोंदणी-पुस्तकांतील इंजिन व चेसिसचे क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावरील आंकड्यांशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडावे. बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा तोंडी शब्द पुरेसा नाहीं. बँकेचा दाखला व नमुना ३५ हातीं घ्यावा. नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते, म्हणून मुदत पाहावी. नांव बदलण्यास नमुना २९ व ३० लागतात. राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत कळविणें कायद्यानें आवश्यक आहे. विकणारा टाळाटाळ करूं लागला, तर त्यास २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सांगावा: विक्री होऊन गेली असली तरी, अपघात झाल्यास नोंदणींत ज्याचें नांव तोच भरपाईस जबाबदार. ट्रॉली बरोबर घेत असल्यास तिची नोंदणी निराळी असते. तिचे कागदही त्याच दिवशीं मागून घ्यावे.