मांजर तेच आहे, घर बदलले

वालचंदनगरच्या वसाहतीत काय किंवा बारामती-इंदापूरच्या कुठल्याही घरात काय, मांजराचे पिल्लू सहसा परवानगी काढून येत नाही. कुणा चिरंजीवांच्या दप्तरातून ते येते, नाही तर माळ्यावर मांजरी विते आणि पिल्लांना सात घरे हिंडवता हिंडवता एखादे आपल्याकडे विसरून जाते. पहिले दोन दिवस कौतुकाचे. तिसऱ्या दिवशी गादीच्या कोपऱ्याला ओल लागते, चौथ्या दिवशी दिवाणाखालून वास येतो आणि पाचव्या दिवशी घरात सरळ पक्ष पडतात. मुले पिल्लाच्या बाजूने, आजी देवघराच्या बाजूने आणि जिला ते सगळे पुसावे लागते ती आई कोणाच्याच बाजूने नाही! अखेर बाबांना फर्मान सुटते, "एक पोतं बघा आणि सोडून या त्याला कालव्यापलीकडे."

पोत्यापर्यंत जाण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ज्या प्राण्याच्या स्वच्छतेचे दाखले आपण मुलांना देतो, जो दिवसातून दहा वेळा स्वतःला चाटून लख्ख ठेवतो, तो घरातच घाण का करतो?

परसदार गेले, फरशी आली

आपल्या घरातल्या मांजराचे मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. उघड्या, कोरड्या मुलखातल्या या प्राण्याने दोन सवयी बरोबर आणल्या. मऊ, भुसभुशीत जागा पाहून खड्डा करायचा आणि काम झाले की वर माती लोटायची. हे त्याला कोणी शिकवत नाही. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की पंजाने उकरू लागते. त्याआधी आईच त्याला चाटून हा विधी करवते आणि जागाही स्वच्छ ठेवते. म्हणूनच अगदी लहान, डोळे नुकते उघडलेले पोरके पिल्लू हाती आले, तर प्रत्येक दुधानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने त्याला हलकेच पुसावे लागते.

नीरेच्या कालव्यावर पिकणाऱ्या उसाच्या या पट्ट्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि कळंबच्या शिवारात एक गावच वसले. त्या काळच्या बैठ्या घरांना, आणि आसपासच्या खेड्यांतल्या घरांना तर हमखास, परसदार असे. चूल होती, चुलीची राख होती, उकिरडा होता, कुंपणाकडेला मोकळी माती होती. मांजर आपले आपण जाई आणि येई. ते कुठे जाते हा प्रश्नच घरात निघत नसे. मग परसदारात सिमेंटचा कोबा आला, अंगणात फरशी आली, चुलीच्या जागी गॅस आला. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात तर मातीचा कण औषधालाही सापडत नाही. घर बदलले, मांजर मात्र तेच राहिले. माती मिळाली नाही की ते मातीसारखे मऊ काही तरी शोधते. ते त्याला गादीत, धुण्याच्या ढिगात आणि, आजीच्या दुर्दैवाने, तुळशीच्या कुंडीत मिळते.

मुलतानी मातीची गोष्ट

ही अडचण एकट्या आपली नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९४७ सालच्या हिवाळ्यात एका बाईंनी शेजारच्या एडवर्ड लो यांच्याकडे मांजरासाठी वाळू मागितली. त्या राख वापरत आणि राखेची पावले घरभर उमटत. लो यांचा धंदा कारखान्यांत सांडलेले तेल टिपणारी माती विकण्याचा. त्यांनी तीच दिली. ती माती म्हणजे 'फुलर्स अर्थ'. आपल्याकडे चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती याच जातीची! बाईंना ती इतकी पसंत पडली की लो यांनी तिच्या पिशव्या भरून विकायला काढल्या आणि बघता बघता त्याचा मोठा धंदा झाला. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत 'कॅट लिटर' म्हणून जे मिळते, त्याचा उगम तिथला.

पण त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. बाद झालेली पत्र्याची परात किंवा पसरट प्लॅस्टिकचा डबा घ्या. काठ तीन बोटांहून उंच नको, पिल्लाला चढता यायला हवे. उन्हात वाळवलेली, चाळलेली वाळू दोन इंच पसरा. लाकडाचा भुसाही चालतो. वर्तमानपत्राचे तुकडेही चालतात. फक्त मग ही पुरवणी जमिनीवर उघडी टाकू नका, कारण पिल्लाची नजर तिच्यावरही जाईल. परात शांत कोपऱ्यात ठेवा, दुधाच्या वाटीपासून लांब. जिथे जेवायचे तिथेच शौचाला बसणे मांजरालाही पटत नाही.

पहिले काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून दमल्यावर त्याला उचलून परातीत ठेवायचे, एवढेच शिक्षण. बहुतेक पिल्ले काही दिवसांत शिकतात. घाण रोज काढा (जुना झारा यासाठी उत्तम, मात्र तो पुन्हा स्वयंपाकघरात नको) आणि वाळू वरचेवर बदला. परात अस्वच्छ असली की मांजर पुन्हा गादीकडे वळते. कुंडीतल्या मातीवर नदीतले गोटे पसरले की तुळसही सुखरूप राहते.

फिनेल नको, मारही नको

आपल्याकडची जुनी रीत म्हणजे पिल्लाचे नाक त्या घाणीत घासायचे आणि एक चापट द्यायची. यातून पिल्लू एवढेच शिकते की हा माणूस धोक्याचा. मग ते तुमच्यासमोर जात नाही, कपाटामागे जाते.

याहून गंभीर गोष्ट फिनेलची. वास मारायचा म्हणून आपण फरशीवर फिनेल ओततो. त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये शरीरात निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. ओल्या फरशीवरून चाललेले पिल्लू पंजे चाटते आणि विष पोटात जाते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही तितक्याच घातक. अमोनिया असलेली द्रावणे तर उलटाच परिणाम करतात, कारण मूत्राचा वासही त्याच जातीचा. तेव्हा आधी फडक्याने टिपा, साबण-पाण्याने धुवा, मग पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसा. गादीला खाण्याचा सोडा भुरभुरून कडक ऊन दाखवा.

एवढे करूनही सवय सुटत नसेल, तर दुखणे असू शकते. दूध-पोळीवर वाढणाऱ्या अनेक पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही. त्यांना जुलाब होतात आणि परातीपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. जंतांनीही असेच होते. वयात आलेला बोका भिंतींवर फवारे मारू लागतो. त्यावर उपाय नसबंदीचा. आणि बोका परातीत बसून कुंथतो आहे, पण लघवी होत नाही, असे दिसले तर एक दिवसही थांबू नये; लघवी तुंबून तो दगावू शकतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभे राहायला संकोच वाटतो खरा. पण लसही तिथेच टोचून घ्यायची असते.

घरात गर्भवती स्त्री असेल तर परात दुसऱ्या कोणी साफ करावी, आणि रोज करावी. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. बाहेर पडल्यावर तो बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो.

आता राहिले ते पोते. घरात वाढलेले पिल्लू उसात सोडले तर ते उंदीर धरून जगेल, हा आपला सोयीचा समज. शिकार शिकवायला त्याची आई नसते. कुत्री आणि कोल्हे मात्र असतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर योग्य कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा मानतो. ठेवता येणे खरेच शक्य नसेल, तर चार ठिकाणी विचारून, परातीची सवय लावून, ते दुसऱ्या घरी द्यावे. शहाण्या सवयीचे पिल्लू कोणीही आनंदाने घेते.

कदाचित तोवर देण्याची वेळच येणार नाही. आठवडाभरात आजी स्वतःच म्हणतील, "अगं, त्याची वाळू बदललीस का आज?"