मनाचा आजार विचारायचा कसा?

उदासीचं निदान एक्स-रेवर होत नाही, रक्ताच्या तपासणीतही ती सापडत नाही. डॉक्टरांजवळ असतात ते प्रश्न, आणि समोरच्याला ते किती कळले यावर निदान ठरतं. हे प्रश्न बहुतेक लंडन-अमेरिकेत घडले. ते आपल्या माणसांना लागू पडावेत म्हणून गेल्या साठेक वर्षांत जी खटपट झाली, तिचा मागोवा परभणीतून घ्यावासा वाटतो. तिचा सगळ्यात कमी लाभ आमच्या मराठवाड्याला झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

देशात सुरुवात झाली आग्र्याला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा तिथे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन विंग यांची ठरलेली मुलाखत हिंदीत आणली गेली. डॉक्टर बदलला तरी निदान बदलू नये, हा हेतू रास्तच होता. पण रुग्णाला स्वतःच्या दुखण्याबद्दल काय वाटतं, हे विचारणं त्या मुलाखतीचं काम नव्हतं.

ते काम मुंबईत झालं. संशोधक मिचेल वाइस, केईएम रुग्णालयाचे डॉ. डी. आर. दूनगाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांशी बोलता बोलता एक वेगळीच मुलाखत घडवली आणि १९९२ साली ती प्रसिद्ध केली. त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला, आधी कुणाकडे गेलात, लोकांपासून लपवावासा वाटतो का, असे तिचे प्रश्न. उत्तर आधी रुग्णाच्या शब्दांत लिहायचं, मग त्याचं वर्गीकरण करायचं. त्या चमूतले सौमित्र पठारे पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या घडणीत महत्त्वाचे ठरले. रुग्णाचं ऐकून घेण्यापासून त्याच्या हक्कापर्यंतची ही वाटचाल मला फार मोलाची वाटते.

पुण्यात डॉ. वासुदेव परळीकर यांनी हीच वाट पुढे नेली. मनोविकार, सामान्य औषधोपचार, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांत ‘अशक्तपणा आहे’ म्हणत येणाऱ्या माणसांचा त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यास केला. टॉनिक घेऊन घरी गेलेल्यांत मनाने खचलेले किती असतील, हा प्रश्न आमच्या प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात विचारण्यासारखा आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली सांस्कृतिक मुलाखतीचे सोळा प्रश्न छापले. त्याआधी सहा देशांत त्यांची चाचणी झाली, आणि त्या केंद्रांत पुणे होतं.

मराठवाड्यात मोठी चौकशी झाली ती संकटानंतर. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांनी भूकंपग्रस्तांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास केला. पुढे शेतकरी आत्महत्या वाढल्या आणि २०१५ साली राज्य सरकारने प्रेरणा प्रकल्प आणला. चौदा जिल्हे, त्यांत मराठवाड्यातले आठही, अर्थात परभणीसुद्धा. आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या.

इथे जरा थांबायला हवं. जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली घ्या. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला, हे विचारून प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण द्यायचे, बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की सावध व्हायचं. सातवा प्रश्न एकाग्रतेचा, आणि उदाहरण वर्तमानपत्र वाचण्याचं किंवा टीव्ही पाहण्याचं! जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातली, कधी शाळेत न गेलेली बाई यावर काय सांगणार? तिला विचारायचं तर तांदूळ निवडताना खडे राहून जातात का, कापूस वेचताना बोंडं सुटतात का, असं विचारावं. आठवा प्रश्न हालचाली मंदावल्या की उलट अस्वस्थता वाढली, हे दोन्ही एकदमच विचारतो. आणि नववा, मरून जावंसं वाटतं का हा. तो ओट्यावर, सासू आणि शेजारणीच्या देखत विचारला तर उत्तर ‘नाही’च येणार. म्हणून नुसतं मराठी करून भागत नाही. कोण विचारतं, कुठे विचारतं, जवळ कोण बसलंय, हेही मुलाखतीतच धरलं पाहिजे.

नीट विचारलं आणि मागे उपचार उभा केला, तर फरक पडतो. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलीच माणसं तयार केली. अठरा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०१७ साली मांडले.

आपल्याकडे मात्र जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. त्याच्या मनोविकार विभागाने पहिलं मोठं काम हेच घ्यावं: प्रश्नावली घेऊन गंगाखेड, पालम, सेलूच्या गावांत बसावं, ‘करमंना’, ‘झोप लागंना’, ‘काई सुधरंना’ म्हणणाऱ्यांकडून ती तपासून घ्यावी, आणि आशाताईंना हाती कागद देण्याआधी प्रशिक्षण व पुरेसा मोबदला द्यावा.

तोवर वाचकांनी एक नंबर लक्षात ठेवावा. टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि पलीकडून मराठीत बोलतात.